सेविका आणि मानधन

काव्यवाचनाच्या एका संध्याकाळीबद्दल कवीच्या हाती जे पाकीट ठेवले जाते, त्याला आपण मानधन म्हणतो. अंगणवाडीतील सेविकेला वर्षानुवर्षे दरमहा जे मिळते, त्यालाही शासन मानधनच म्हणते. एकच शब्द इतक्या दूरच्या दोन गोष्टींना कसा पुरला, हे समजून घ्यायचे तर आम्हांला बोर्डीपर्यंत मागे जावे लागते.

ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. बालशिक्षणाचा खरा प्रश्न शिक्षकाच्या घडणीचा आहे, हे या दोघांनी आरंभीच ओळखले होते. 1926 साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, अध्यापनवर्ग, ‘शिक्षणपत्रिका’, या साऱ्यांमागे तीच जाण होती. मूल समजून घ्यायला मोठ्या माणसाला आपले हात, आवाज आणि घाई नव्याने शिकावी लागते, आणि ते चार व्याख्यानांत होत नाही.

1945 साली ताराबाईंनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. वारली पाड्यांतली मुले बालवाडीत येईनात. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, कुणाच्या मागे गुरे. तेव्हा शाळाच पाड्यातल्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा शब्दशः अंगणातून आला आहे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई 1973 मध्ये वारल्या. अनुताई 1992 मध्ये, आपल्या मृत्यूपर्यंत, तेथेच राहिल्या.

सत्तेचाळीस वर्षे! या आकड्यापुढे नतमस्तक व्हावे, असा आमचा संस्कार आहे. परंतु अनुताई बालविधवा होत्या, हे येथे विसरता येत नाही. लग्न तेराव्या वर्षी, वैधव्य त्यानंतर काही महिन्यांतच. समाजाने ज्या स्त्रीला संसार नाकारला, तिने टेकडीवर दुसरा संसार मांडला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन वाचताना आम्हांला प्रत्येक वेळी वाटते, की हे व्रत अनुकरणीय आहे. पण त्यावर नोकरीची योजना बेतता येत नाही. जिला घर चालवायचे आहे, ती व्रतावर किती काळ टिकेल?

राज्यसंस्थेने नेमके तेच बेतले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ‘अंगणवाडी’ हे नाव ताराबाईंच्या कामातले. मागून आलेली मनोवृत्तीही तीच, फक्त टेकडी नव्हती. मॅट्रिक न झालेल्या स्त्रीला महिना 100 रुपये, झालेलीला 150. इंग्रजी कागदांत तिला कामगारास लावतात तोच शब्द आहे. हिंदीत ती कार्यकर्ता. मराठीने मात्र तिला सेविका केले. आमच्या भाषेने हा आदरच दाखवला असेल. पण सेवेला वेतन मागणे शोभत नाही, हेही त्या शब्दाबरोबर आलेच.

पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि शेवटी पूर्वप्राथमिक शिक्षण, असे सहा भार एकीच्या खांद्यावर आले. प्रशिक्षण आकसत गेले. एके काळी नेमणुकीनंतरचे मुख्य प्रशिक्षण 26 दिवसांचे होते. 2023 च्या ‘पोषण भी पढाई भी’ उपक्रमात बालशिक्षणासाठी सेविकांच्या वाट्याला 3 दिवस आले. भावनगरची आठवण असलेल्यास हे वाचवत नाही. केंद्राने ठरवलेले मानधन ऑक्टोबर 2018 पासून 3000 चे 4500 रुपये झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात, कमी-अधिक.

दरम्यान प्रश्न न्यायालयात गेला. अमीरबी खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या स्त्रियांचे पद शासकीय नागरी पद नव्हे. मग 25 एप्रिल 2022 रोजी, गुजरातेतून आलेल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्यासाठी एक अर्थनिर्णय करावा लागला: 1972 च्या कायद्यापुरते तरी मानधन म्हणजे वेतनच. सत्तेचाळीस वर्षांनी एका शब्दाचा अर्थ बदलला. योगायोगाने अनुताईंच्या सेवेइतक्याच वर्षांनी.

ग्रॅच्युइटीला शासकीय मराठीत ‘उपदान’ म्हणतात. दान तेथेही आहेच.