किल्लीच्या पोटातली किल्ली

काशीदला पुतणीच्या हट्टाखातर गुडघाभर पाण्यात उतरलो आणि एक लाट पार कमरेपर्यंत येऊन गेली. गाडीची किल्ली खिशात होती. वर येऊन बटण दाबलं, गाडी गप्प. जवळ जाऊन दाबलं, काचेला लावून दाबलं, तरी गप्प. घर पेणला, ऊन उतरलेलं, पोरगी भुकेली. शेजारी सवारीची वाट बघत उभा असलेला इकोवाला सगळं बघत होता. "ओ दादा, दाबत काय बसलात? किल्लीच्या पोटात किल्ली असते, ती काढा की!" त्यानंच कडेची बारीक कळ सरकवली, आतलं चपटं पातं ओढून काढलं, दाराच्या मुठीवरचं झाकण त्याच्या टोकानं उचकटलं आणि खाली दडलेल्या भोकात ते फिरवलं. दार उघडलं, हॉर्न कोकलायला लागला. मग म्हणाला, "आता ही भिजलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा." टेकवली, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं, आणि इंजिन सुरू झालं.

सेल गेलेला, बटणं गेलेली, तरी गाडीनं किल्ली ओळखली कशी? रेवदंड्याचा पूल येईपर्यंत मी त्याच विचारात होतो. पुलाखाली कुंडलिका होती, वर रोह्याहून वाहत आलेली. तिच्या मुखाशी एका अंगाला रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लई. इथे चौलात 1521 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला आणि 1740 पर्यंत ते इथे राहिले. कोर्लईत आजही घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. आपण ज्याला 'चावी' म्हणतो तो शब्द त्यांचा. लॅटिन 'क्लाविस'पासून पोर्तुगीज 'शाव्ह', आणि गोवा, वसई, चौल अशा ठाण्यांतून आपल्या तोंडी 'चावी'. दाराची बिजागरीही त्यांचीच आणि स्वयंपाकघरातली परातही. कमरेच्या जुडग्यात मात्र आपण 'किल्ली'च ठेवली. माझी आजी कपाटाची ती किल्ली म्हणायची आणि मिनीडोरची ती चावी. का, ते तिला कधी विचारलं नाही. पण यंत्राला जी लागते ती चावी, असा भेद तिच्या कानानं केला असावा असं मला वाटतं.

मिनीडोर आमच्या मामांचा. पेण, रोहा, अलिबाग या भागात मोठी झालेली माणसं ती सहा आसनी गाडी विसरणार नाहीत. तिची चावी म्हणजे पितळेची एक पट्टी, एका बाजूला दाते. इतकी झिजलेली की मामा चालत्या गाडीतून ती उपसून कान कोरायचे आणि गाडी चालतच राहायची. मला तेव्हा ती जादू वाटे. कारण साधं होतं. मोटारीच्या कुलपात पितळेच्या पातळ पत्त्या असतात. चावीचे दाते त्या पत्त्यांना नेमक्या उंचीवर आणतात, मग नळी फिरते. वर्षानुवर्षं घासून पत्त्या आणि दाते दोन्ही बोथट झाले की चावी आत राहिली काय, निघाली काय, कुलपाला फरक पडत नाही. कधी दुसऱ्याच गाडीच्या चावीनंही ते फिरतं.

दात्यांनी काहीतरी ठरावीक उंचीवर उचलायचं, ही कल्पना फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपं होती. अमेरिकेत लायनस येल यानं 1861 मध्ये तीच कल्पना लहान, चपट्या, खिशात मावणाऱ्या चावीत बसवली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून चांगलं कुलूप विलायतीच असतं हा समज हळूहळू मोडत गेला.

मोटारीला मात्र सुरुवातीला चावीची गरजच नव्हती. पुढे हँडल घालून फिरवायचं. इंजिन उलटं झटकलं तर मनगट मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ते हँडल हळूहळू डिकीत गेलं. पण चावी तेव्हा फक्त वीज चालू-बंद करायची, इंजिन फिरवायला वेगळं बटण असे. चावी फिरवली की गाडी सुरू, ही आपल्याला जन्मजात वाटणारी सवय 1949 च्या क्रायस्लरपासूनची. म्हणजे आता गाड्यांत जे स्टार्टचं बटण आलंय, ते एका अर्थी परत आलंय.

मामांची चावी हरवली तर काळजी नसायची. रोह्याच्या बाजारात चावीवाला बसे. पायाशी लाकडी पेटी, कडीत ओवलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या, एक छोटी शेगडी आणि कानस. मूळ चावी नसली तरी तो अडत नसे. कोरी चावी शेगडीच्या धुरावर काळी करायची, कुलपात घालून दाबून हलवायची, काढून उजेडाला धरायची. पत्ती जिथे टेकली तिथली काजळी पुसलेली. तिथे कानशीचे दोन हात, पुन्हा धूर, पुन्हा कुलूप. मी लहानपणी तासभर उभा राहून हे बघितलंय. कुलपाच्या पोटात काय आहे ते न उघडता बोटांनी वाचणारी ही माणसं, त्यात शिकलगार समाजातली कितीतरी. त्यांच्या या विद्येला कुणी पदवी दिली नाही, पण ती विद्या होती, यात मला शंका नाही.

त्या विद्येला धक्का बसला तो चोऱ्यांमुळे. जे चावीवाल्याला जमे ते चोरालाही जमे. 1986 च्या कॉर्व्हेट गाडीच्या चावीवर एक काळा ठिपका आला. तो विजेचा रोधक होता, आणि पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी बरोबर मूल्याचा असला तरच इंजिन सुरू होई. पंधराच! चिकाटीचा चोर तेवढ्या चाव्या सोबत ठेवू शकत होता. मग चिप आली. 1998 पासून युरोपात नव्या गाड्यांना इम्मोबिलायझर, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला, आणि पुढे आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही तो आला.

काशीदच्या कोड्याचं उत्तर या चिपमध्ये आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी किंवा काळा चौकोनी तुकडा, एवढीच ती असते, आणि तिला सेल लागत नाही. चावीच्या भोकाभोवती किंवा स्टार्टच्या बटणामागे तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी जवळ आली की त्या वेटोळ्याच्या लहरींवरच चिप जागी होते. गाडी तिला एक आकडा विचारते, चिप गुपित गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं तर इंजिनाला मुभा मिळते, नाहीतर डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं.

बटणं हे निराळं घराणं. 1982 च्या रेनॉ फ्युएगोला लांबून दार उघडणारा रिमोट होता, टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा. पुढे रेडिओलहरी आल्या. आपल्याकडचे बहुतेक रिमोट 433 मेगाहर्ट्झवर बोलतात. दर दाबण्याला सांकेतिक आकडा बदलतो, त्यामुळे कुणी एकदा लहर पकडून ठेवली तरी ती पुन्हा चालत नाही. हे बोलणं सेलवर चालतं. सेलवरच्या 'सीआर 2032' या नावात त्याचं माप आहे: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. 2025 चा सेल त्यात बसतो, पण पातळ असल्यानं पत्र्याला नीट टेकत नाही. मग रिमोट कधी चालतो, कधी नाही, आणि लोक गाडीला दोष देतात.

आता चावी हरवली तर? दाते कापून देणारा पेणलाही मिळतो. पण तेवढ्यानं गाडी सुरू होत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून काढलेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असतात. रंग झालेले असतात, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्ती आपल्याकडे बघत नाही. कापलेल्या चावीचं तसंच असतं. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून तिची ओळख करून दिली की मगच ती चावी होते. जवळ एक चालू चावी असेल तर हे काम सोपं. एकही नसेल तर कंपनीकडून कोड, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती, कधी आख्खा इम्मोबिलायझर बदलणं, आणि महामार्गावरून गाडी टोचन करून नेणं. आमच्या ओळखीतल्या एका घरानं अशी चावी मिळेपर्यंत गाडी तीन आठवडे अंगणात उभी ठेवली. त्यात घरातल्या आजारी माणसाच्या दवाखान्याच्या फेऱ्या रिक्षानं झाल्या. पैसे देऊन घेतलेल्या गाडीची किल्ली गावात करून घेता येऊ नये, हे मला मनापासून खटकतं. सुरक्षितता हवीच, पण तिच्यासाठी रोहेकराला पनवेल-मुंबई गाठायला लावू नये.

म्हणून दुसरी चावी आजच बाहेर काढा आणि महिन्यातून एकदा तिनं गाडी चालू करून बघा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमावालेही दोन्ही मागतात. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात रिमोटच्या आतला पत्रा हिरवा पडतो. भिजला तर बटण दाबत बसू नका, आधी सेल काढा. समुद्राचं पाणी असेल तर आतली पट्टी स्वच्छ पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि सावलीत दोन दिवस वाळवा.

मी तेच केलं, पण एक बटण उठेना. रोह्याला त्याच बाजारात गेलो. पूर्वी पेटी असायची त्या भागात आता एक छोटं दुकान आहे. तिशीतला मुलगा, भिंगाचा दिवा, सोल्डरची बंदूक, लॅपटॉप. बटणाखालचा सुटा झालेला टाका त्यानं पाच मिनिटांत जोडला. कवचही तडकलं होतं, म्हणून नवं घेतलं. त्यात पट्टी बसवून झाल्यावर त्यानं माझं जुनं कवच हातावर आपटलं. आतून काळा तुकडा पडला.

"ही चिप. पुष्कळ जण घरी कवच बदलतात, ही जुन्यातच राहते, आणि जुनं कचऱ्यात जातं. मग म्हणतात, गाडी बंद पडली."

त्यानं चिप चिमट्यानं नव्या कवचाच्या खाचेत बसवली. शेवटी आतलं चपटं पातं घेतलं, त्याच्या कडेला खाऱ्या पाण्याचा गंज चढला होता. खणातून कानस काढली आणि दोन हात हलकेच मारले.

"आजोबांची आहे," तो म्हणाला, आणि कानस फडक्यानं पुसून परत खणात ठेवली.