नाग न चावता

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना सन सांगता येत नसत. त्यांचा हिशेब पुराचा आणि भूकंपाचा. आत्याआजीचं दुखणं कधी सुरू झालं असं विचारलं, की उत्तर यायचं, "पानशेत फुटायच्या आधीचा उन्हाळा." म्हणजे १९६१.

आत्याआजी ही आजोबांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परतली. तिच्या आजाराची गोष्ट घरात ज्याच्या त्याच्या तऱ्हेनं सांगितली जायची. आजी म्हणायची, "पहाटे उठून पायलीभर दळण एकटी ओढायची. दिवस कलला, खरकट्या भांड्यांचा ढीग पडला, की हिच्या पापण्या मिटायच्या. मग कुणाला खरं वाटणार?" भाकरी चावता चावता तिचा जबडा थांबायचा, तळहातानं हनुवटी वर ढकलून ती घास संपवायची. बोलणं गेंगाणं व्हायचं, पाणी नाकावाटे परत यायचं. रात्रभर झोप झाली की सकाळी सगळं ठाकठीक. आजोबांनी निकाल देऊन टाकला होता : ढोंग. आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेतावरचा वाटेकरी एका संध्याकाळी जोंधळ्याचं पोतं टाकायला आला, तिच्याकडे बघत राहिला आणि आजीला म्हणाला, "वैनी, आक्कांचं डोळं नाग डसल्यावानी दिसत्यात. आन् डसल्याचं तर कुटं काय न्हाई."

हे वाक्य घरात बरीच वर्षं चेष्टेचा विषय होतं. पण १९३४ साली लंडनमध्ये जवळपास हेच बोललं गेलं होतं. ग्रिनिचच्या सेंट आल्फेज इस्पितळात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे मायस्थेनिया ग्रेव्हिसची एक रुग्ण होती : वापरले की थकणारे, विश्रांतीनं सावरणारे स्नायू. डेनी-ब्राउन या मज्जातज्ज्ञांनी तिला पाहून म्हटलं, हे क्युरारेच्या विषबाधेसारखं दिसतं. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला लावतात ते विष. वॉकरबाईंनी विचार केला, दिसतं तसं असेल तर त्या विषावरचा उतारा इथेही चालायला हवा. उतारा होता फायसोस्टिग्मिन. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात मिळणाऱ्या एका विषारी बीपासून काढलेला. तिथे आरोपीला ती बी खायला घालत. वांती होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडच्या दिव्याचाच हा प्रकार. वॉकरबाईंनी त्याचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णाच्या पापण्या उघडल्या. काही तासांपुरत्या, पण उघडल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिन वापरून पाहिलं. बाजारात ते प्रॉस्टिग्मिन म्हणून आलं.

इथून पुढची गोष्ट मामाआजोबांची. आजीचे हे धाकटे भाऊ तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आत्याआजीला तिथे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला मोठ्यानं आकडे मोजायला लावले. तिशीपर्यंत जाता जाता आवाज नाकात गेला. मग प्रॉस्टिग्मिनची सुई दिली आणि सगळे बाकड्यावर बसून राहिले. "घड्याळ बघत होतो मी," मामाआजोबा सांगायचे. "दहा मिनिटं झाली असतील. आधी डावी पापणी वर गेली, मग उजवी. मग आक्कांनी पदराची गाठ सोडली, त्यातले फुटाणे काढले आणि कुडुम कुडुम खायला लागल्या. कोणाशी बोलल्या नाहीत. आधी फुटाणे संपवले."

त्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला. छातीच्या मधल्या हाडामागे सावली दिसली. ती थायमस ग्रंथीची गाठ होती, थायमोमा. मायस्थेनियाच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत ती सापडते. अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ साली अशा रुग्णाची गाठ काढली होती. आत्याआजीला मुंबईला नेलं आणि तिथे तिचीही गाठ निघाली.

थायमस नेमकी कशासाठी असते, हे मात्र तोवर कोणालाच नीट माहीत नव्हतं. आमच्या आजीनं दृष्ट काढली म्हणून हसायला नको. डॉक्टरांनीही या ग्रंथीवर असाच आळ घेतला होता. शवविच्छेदनाला मिळायची ती बहुतेक गरिबांची, उपासमारीनं आणि आजारानं झिजलेली प्रेतं. उपासमारीत थायमस आक्रसते. त्या आक्रसलेल्या ग्रंथीला सगळे नेहमीची समजले. मग एखादं धडधाकट मूल अचानक दगावलं की त्याची थायमस 'वाढलेली' दिसायची आणि दोष तिच्या माथी बसायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक निरोगी मुलांच्या छातीवर त्यापायी क्ष-किरण सोडले गेले, आणि पुढे त्यांतल्या काहींना थायरॉइडचा कर्करोग झाला. १९६१च्या सप्टेंबरात, म्हणजे पानशेत फुटल्यावर अडीच महिन्यांनी, जॅक मिलर यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जन्मतःच थायमस काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. थायमस ही संरक्षक पेशींची तालीम आहे. आपल्याच शरीरावर हात टाकणाऱ्या पेशी तिथून बाद होतात. तालमीतच गाठ झाली की बाद व्हायला हव्या त्या पेशी बाहेर सुटतात.

वाटेकऱ्याचं म्हणणं १९७३ साली पुरतं उलगडलं. मज्जातंतूकडून आलेला निरोप स्नायूवरचे रिसेप्टर घेतात. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी वीजमाशाच्या अवयवातून हे रिसेप्टर काढून सशांना टोचले. सशांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आणि ससे लुळे पडले. त्याच वर्षी मण्यारीच्या एका जातीच्या विषातला घटक वापरून रुग्णांच्या स्नायूंतले रिसेप्टर मोजले गेले. ते फार कमी भरले. नागाचं विष जिथे जाऊन बसतं, तीच ही जागा. आत्याआजीच्या अंगात तिथलं काम विषाऐवजी तिचीच प्रतिपिंडं बिघडवत होती.

कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, १९६७ साली, ती पांढरीफटक पडली. चार पायऱ्या चढली की धाप. रक्ताची बाटली चढवली की तीन आठवडे बरी, पुन्हा तेच. हाडातला मगज तपासला तर पांढऱ्या पेशी नीट, बिंबिका नीट; फक्त तांबड्या पेशींचं बियाणं नाहीसं झालेलं. थायमोमाच्या सुमारे पाच टक्के रुग्णांना हे होतं. गाठ काढल्यावर काही वर्षांनीही होऊ शकतं. त्याच १९६७ साली क्रँट्झ आणि काओ यांनी अशा रुग्णाच्या रक्तद्रवात तांबड्या पेशींची घडण रोखणारा घटक दाखवला. म्हणजे पुन्हा घरचाच मारेकरी. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या, आत्याआजीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला आणि बाटल्या थांबल्या.

आणीबाणी उठली त्या वर्षी आत्याआजी मत देऊन आली आणि त्याच पावसाळ्यात छातीच्या संसर्गानं गेली. तोवर गाठ फुफ्फुसाच्या आवरणावर परतली होती. अशा गाठीवर पुढे उपयोगी पडलेल्या सिसप्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९७८ साली. पुढे सिसप्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड एकत्र दिल्यावर निम्म्या रुग्णांच्या गाठी चांगल्याच आकसल्या. इटलीतल्या डॉक्टरांनी त्यात व्हिन्क्रिस्टिन घातलं, ते सदाफुलीतलं. आमच्याकडे सदाफुलीची पानं मधुमेहावर चघळत. कॅनडात त्याच समजुतीची परीक्षा घेताना उंदरांची साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि झाडाचा खरा उपयोग कळला.

१९९७ साली नेपल्सच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. त्याला थायमोमा होता आणि तांबड्या पेशीही बनत नव्हत्या, अगदी आत्याआजीसारखं. ऑक्ट्रिओटाइड आणि प्रेडनिसोन दिल्यावर गाठ आकसली आणि रक्तही भरू लागलं. प्रत्येक नवं औषध मात्र इथे चालत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं संरक्षक पेशींचा लगाम सैल करतात. थायमोमात त्या पेशी मुळातच बिथरलेल्या. हृदयाच्या आणि अंगाच्या स्नायूंवर त्या तुटून पडल्याची उदाहरणं आहेत. म्हणून थायमोमाच्या बाबतीत डॉक्टर तिथे हात आखडता घेतात.

आज प्रतिपिंडं रक्ताच्या तपासणीत सापडतात. पण ती तपासणी कोणी लिहून द्यायची, तर आधी कोणीतरी नीट पाहिलेलं आणि नीट सांगितलेलं हवं. आमच्या घरात निकाल सगळ्यांपाशी तयार होते. वर्णन एकट्या वाटेकऱ्यानं केलं. मामाआजोबांनी त्यातून एक नियमच काढला आहे. घरातलं कोणी दवाखान्यात निघालं की ते अजून बजावतात, "रोगाचं नाव तुम्ही सांगू नका. किती वाजता काय होतं, तेवढं सांगा."