रॉबर्ट केनेडी रिमेम्बर्ड

अमेरिकन सिनेटर रॉबर्ट केनेडी (१९२५–६८) यांच्यावरील अमेरिकन लघुपट (१९६८). दिग्दर्शक चार्ल्स गुगनहाइम (१९२४–२००२). निवेदन ब्रिटिश अभिनेते रिचर्ड बर्टन यांचे. सुमारे अर्ध्या तासाच्या या लघुपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

थोरले बंधू जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना रॉबर्ट ॲटर्नी जनरल होते. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कचे सिनेटर झाले. व्हिएतनाम युद्धाला विरोध आणि गरीब व कृष्णवर्णीयांचे प्रश्न घेऊन मार्च १९६८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. ४ जूनला त्यांनी कॅलिफोर्नियातील पक्षांतर्गत निवडणूक जिंकली. त्याच मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसमधील अँबॅसिडर हॉटेलात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ६ जूनला त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या प्रचाराच्या चित्रफिती गुगनहाइमच करत होते. उमेदवार लोकांपुढे नेणाऱ्या या दिग्दर्शकाने तीन महिन्यांच्या आत त्याच उमेदवाराचा स्मृतिपट पूर्ण केला.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात २९ ऑगस्टला तो दाखवण्यात आला. हे अधिवेशन विलक्षण कटुतेचे होते. आदल्याच दिवशी युद्ध थांबवण्याचा ठराव फेटाळला गेला होता, बाहेर पोलीस निदर्शकांना झोडपत होते आणि उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची उमेदवारीही ठरून गेली होती. १९६४ च्या अधिवेशनात जॉन केनेडींवरील चित्रपटही उमेदवार ठरल्यानंतरच दाखवला गेला होता. सभागृहातील भावनेची लाट रॉबर्ट यांच्या बाजूने वळेल, अशी तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना धास्ती होती. शिकागोत रॉबर्ट यांचे धाकटे बंधू एडवर्ड केनेडी स्वतः आले नाहीत. प्रास्ताविकासाठी त्यांचा फक्त आवाज ऐकवण्यात आला. लघुपट संपल्यावर प्रतिनिधी उभे राहून ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ गाऊ लागले. सभाध्यक्षांनी हातोडा आपटूनही ते बराच वेळ थांबेनात. तो शोक तर होताच, पण हरलेल्या बाजूचा निषेधही त्यात होता.

१४ एप्रिल १९६९ च्या ऑस्कर समारंभात या माहितीपर चित्रपटाला ‘लाइव्ह ॲक्शन’ लघुपटाचा पुरस्कार मिळाला. माहितीपट गटातील लघुपटाचा पुरस्कार मात्र सॉल बास यांच्या ॲनिमेशनचा भरपूर वापर केलेल्या ‘व्हाय मॅन क्रिएट्स’ला गेला. गुगनहाइम यांच्या चार ऑस्करांपैकी हा दुसरा. पहिला ‘नाइन फ्रॉम लिटल रॉक’साठीचा होता.

श्रद्धांजली म्हणून हा लघुपट प्रभावी आहे. केनेडींच्या चरित्राचे साधन म्हणून मात्र तो एकटा पुरत नाही. नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास ॲटर्नी जनरल म्हणून केनेडींनी १९६३ मध्ये दिलेली मंजुरीही त्याच्या जोडीला वाचावी लागते.