वीस चिठ्ठ्या, तीन बोटे

मे २०१४. थायलंडमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि जमावबंदी लागू केली. काही दिवसांतच बँकॉकच्या रस्त्यांवर माणसे मुकाट्याने तीन बोटे उंचावून उभी राहू लागली. ही खूण कोणत्याही पक्षाची नव्हती. ती आली होती एका सोळा वर्षांच्या काल्पनिक मुलीच्या गोष्टीतून.

कॅटनिस एव्हरडीन ही सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबरीची नायिका. पॅनेम नावाचे राज्य दरवर्षी आपल्या १२ जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून निवडते आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांना परस्परांशी झुंजवते. या कल्पनेची मुळे जुनी आहेत. मिनोटॉरचे भक्ष्य म्हणून अथेन्सने क्रीटला धाडलेले सात तरुण व सात तरुणी त्यात आहेत, रोमचे ग्लॅडिएटरही आहेत. पॅनेम हा तर लॅटिन शब्दच, अर्थ भाकरी. रोमन कवी जुवेनलने प्रजेला आता भाकरी आणि खेळ एवढेच हवे असते, अशी तक्रार केली होती.

पोस्टरांवर झळकले ते कॅटनिसचे धनुष्य. तिचे खरे शहाणपण मात्र हिशेबात आहे. वडील कोळशाच्या खाणीतील स्फोटात गेले तेव्हा ती ११ वर्षांची होती. आई पार खचलेली. बाराव्या वर्षापासून दरसाल एक चिठ्ठी सक्तीची. पण स्वतःच्या नावाची जादा चिठ्ठी टाकली, तर एका माणसापुरते वर्षाचे धान्य व तेल मिळे. घरात तोंडे तीन, म्हणून जादा चिठ्ठ्या तीन. दरसाल चार, आणि जुन्या कधीच बाद होत नाहीत. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झाल्या. सावकारी पाशाचा इतिहास वाचलेल्या कोणालाही ही रीत अनोळखी वाटू नये.

धाकट्या प्रिमला तिने एकही जादा चिठ्ठी टाकू दिली नाही. निघाली ती प्रिमचीच एकुलती चिठ्ठी.

कॅटनिस बहिणीच्या जागी पुढे होते. जमावाला टाळ्या वाजवायला सांगितले जाते. कोणी वाजवत नाही. लोक डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून तिच्या दिशेने धरतात. त्या जिल्ह्यात ही खूण अंत्यविधीत क्वचित दिसे, प्रिय माणसाला निरोप देताना. पुढे याच खुणेला राज्य घाबरू लागते.

थायलंडमध्येही तेच घडले. नोव्हेंबर २०१४ मध्ये खोन कैन येथे पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधान जनरल प्रयुथ यांच्यासमोर तीन बोटे उंचावली आणि त्यांना ताब्यात घेण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर म्यानमारच्या डॉक्टर-परिचारिकांनी ही खूण उचलली. २६ फेब्रुवारीला राजदूत चॉ मो टुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषणाच्या शेवटी तीन बोटे उंचावली. दुसऱ्याच दिवशी लष्करी राजवटीने त्यांना बडतर्फ केल्याचे जाहीर केले.