टिळक, आगरकर आणि ग्रुप सोडलेले दोघं

आमचा कॉलेजचा ग्रुप दरवर्षी एका शाळेला पुस्तकं पाठवतो. यंदा दोघं मित्र राजकारणावरून भांडले आणि ग्रुप सोडून गेले. मला टिळक-आगरकर आठवले.

डेक्कन कॉलेजात दोघांची मैत्री जमली. सरकारी नोकरी नको, लोकांना शिकवायचं, हे तिथेच ठरलं. पुढे 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन.

मग बिनसलं. आधी राजकीय हक्क की आधी समाजसुधारणा? आगरकरांनी ‘केसरी’ सोडून 1888 मध्ये ‘सुधारक’ काढलं. 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर दोघं उघड समोरासमोर आले.

पण फर्ग्युसन चालू राहिलं. आगरकर तिथे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. मृत्युलेख ‘केसरी’त आला, टिळकांनीच लिहिलेला.

मैत्रीत सुरू केलेलं काम एकदा लोकांचं झालं, की ते आपल्या भांडणापेक्षा मोठं असतं. म्हणून त्या दोघांना मी आज फोन करतोय. भांडा रे खुशाल, पण पुस्तकं जूनच्या आत पोचली पाहिजेत!