रतनपुरुष, बनफशा आणि एका पाकळीची ओळख : दक्षिण भारतातील व्हायोलेट ओळखण्याचा इतिहास

प्रस्तावना

बंगळुरूत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला व्हायोलेसी कुलातील वनस्पती साधारणपणे तीन ठिकाणी भेटतात. लालबागेच्या पुष्पप्रदर्शनात पॅन्सीची रंगीत फुले दिसतात. शहराबाहेरच्या माळरानावर, गवतात, गुलाबी-जांभळ्या फुलांचे वीतभर उंचीचे झुडूप आढळते. मराठीत त्याला रतनपुरुष आणि कन्नडमध्ये पुरुषरत्न म्हणतात. युनानी औषधांच्या दुकानात तिसरी वस्तू मिळते, ती म्हणजे बनफशा : वाळलेल्या, चुरगळलेल्या पानाफुलांचा पुडा. सर्दी-खोकल्यावरच्या जोशांद्यात ती घालतात.

ही तिन्ही एकाच कुलातली आहेत, पण ओळखण्याची अडचण तिन्हींची वेगवेगळी आहे. पॅन्सी सगळेच ओळखतात. रतनपुरुष फुलावर असेल तर ओळखू येतो. बनफशाच्या पुड्यात नेमकी कोणती जाती आहे, हे मात्र अनुभवी माणसालाही नुसते पाहून सांगणे अवघड जाते. औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ नावाचा नाही. ग्रंथात ज्या वनस्पतीचे गुण सांगितले आहेत तीच पोटात जाते आहे का, असा तो प्रश्न आहे.

या टिपणात आपण या ओळखीचा इतिहास पाहणार आहोत. वनस्पतीचे कोणते लक्षण महत्त्वाचे मानायचे, याचे उत्तर प्रत्येक काळात बदलत गेले. ते का बदलले, हे समजले की आजची लक्षणेही नीट लक्षात राहतात.

कुलाची सामान्य लक्षणे

आधी थोडी उजळणी करू. व्हायोलेसी कुलातील येथे विचारात घेतलेल्या वनस्पतींच्या फुलात पाच निदले, पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतात. पाकळ्या सारख्या नसतात. खालची पाकळी बहुधा मोठी असते व तिच्या बुडाशी पिशवीसारखा फुगवटा किंवा मागे गेलेली पोकळ शुंडिका असते. अंडाशय एका कप्प्याचा असून बीजके त्याच्या भिंतीवर तीन ओळींत लागतात. फळ म्हणजे तीन शकलांत तडकणारे बोंड.

व्हायोला आणि रतनपुरुष यांच्यातला पहिला भेद निदलांच्या बुडाशी असतो. व्हायोलाची निदले देठाला जिथे जोडलेली असतात तिथून थोडी मागेही वाढलेली असतात, त्यामुळे बुडाशी लहानशी पाळी दिसते. रतनपुरुषाच्या निदलांना अशी पाळी नसते. शिवाय त्याची खालची पाकळी इतकी मोठी असते की बाकीच्या चार तिच्यापुढे नगण्य वाटतात. पाकळ्या गळून फळ धरले तरी निदले बहुधा टिकून राहतात, म्हणून हे लक्षण विशेष उपयोगी आहे.

कोचीतील नोंद : नेलम-परेंदा

रतनपुरुषाची युरोपात पोहोचलेली जुनी नोंद मलबारातील आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीतील अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा 12 खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या नवव्या खंडात ‘नेलम-परेंदा’ या मल्याळी नावाने या वनस्पतीचे चित्र व वर्णन आहे.

मराठी वाचकाला या ग्रंथाविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य या कामात होते. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी ते एक होय. म्हणजे ही ओळख एकट्या युरोपीय पंडिताने केलेली नव्हती. वनस्पती कोणती आणि तिचे नाव काय, हे वैद्यांनी सांगितले, चित्रकारांनी काढले आणि मग ते लॅटिनमध्ये गेले.

वैद्यांच्या दृष्टीने ओळख म्हणजे नाव, जागा आणि उपयोग एकत्र. पुस्तकात गेल्यावर त्यातले चित्र आणि वर्णन एवढेच उरले. पुढच्या अभ्यासकांना त्यावरूनच काम करावे लागले.

लिनीअस : एक वनस्पती, दोन नावे

लिनीअस स्वतः भारतात कधी आला नाही. त्याच्यापुढे रेडेचा ग्रंथ होता आणि पाउल हेर्मानने सतराव्या शतकात श्रीलंकेत गोळा केलेल्या वाळलेल्या वनस्पती होत्या. त्यांच्या आधारे त्याने 1747 मध्ये ‘फ्लोरा झेलानिका’ लिहिले. पुढे 1753 च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये त्याने व्हायोला एनिआस्पर्मा आणि व्हायोला सफ्रुटिकोसा अशी दोन नावे दिली.

या नावांचे अर्थ पाहण्यासारखे आहेत. ‘एनिआस्पर्मा’ म्हणजे नऊ बियांची. ‘सफ्रुटिकोसा’ म्हणजे बुडाशी लाकडी झालेली, अर्ध्या झुडपासारखी. एका नावात बियांची संख्या आहे, तर दुसऱ्यात खोडाचे स्वरूप. पण रतनपुरुष कोवळा असताना मऊ असतो आणि जुना झाला की बुडाशी लाकडी होतो. बियांची संख्याही सगळ्या बोंडांत सारखी राहत नाही. वय आणि पोषण यांनुसार बदलणाऱ्या लक्षणांवर दोन जाती उभ्या राहिल्या होत्या. नंतरच्या अभ्यासकांनी बहुतांशी ही दोन्ही नावे एकाच जातीची मानली. दोन्ही नावे एकाच वर्षीची असली तरी ‘नऊ बियांची’ हे नाव टिकले.

वर्गीकरणाच्या विद्यार्थ्याने येथे एक नियम लक्षात ठेवावा. जे लक्षण एकाच रोपावर वर्षभरात बदलते, त्यावर जातीचा भेद बेतू नये.

व्हायोलातून बाहेर : निदल आणि पाकळी

लिनीअसने या वनस्पतीला व्हायोलातच ठेवले होते. 1803 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हांतना याने आयोनिडियम ही वेगळी प्रजाती मांडली. ग्रीक भाषेत ‘आयॉन’ म्हणजे व्हायोलेट, म्हणून आयोनिडियम म्हणजे व्हायोलेटसारखे. जोसेफ हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चा पहिला खंड 1872 पासून निघू लागला. त्यात रतनपुरुष आयोनिडियम सफ्रुटिकोसम या नावाने येतो आणि व्हायोलापासून त्याचा भेद निदलांच्या बुडावरून केलेला आहे.

पण जॅक्विनने 1760 मध्येच हायबँथस हे नाव दिले होते. त्याचा अर्थ कुबड असलेले फूल. हा रोख खालच्या पाकळीच्या फुगवट्याकडे आहे. जुन्या नावाला अग्रक्रम, या नियमाने हायबँथस मान्य झाले आणि 1876 मध्ये ऑस्ट्रेलियातील फर्डिनांड म्यूलरने हायबँथस एनिआस्पर्मस ही जोडणी केली. आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हेच नाव आहे. जनुकीय अभ्यासांतून जुने हायबँथस म्हणजे एकाच वंशाची शाखा नाही, हे दिसून आले. त्यामुळे 2015 मध्ये अफ्रोहायबँथस हे नवे नाव पुढे आले, आणि आता काही अभ्यासक पिजिया हे जुने नाव वापरतात. जुना संदर्भ शोधताना ही सगळी नावे हाताशी असावी लागतात.

या सगळ्या खटाटोपात बंगळुरूच्या बाजारातही ऐकू येणारे एक तमिळ नाव आठवावे : ओरिदळ तामरै. त्याचा अर्थ एकाच पाकळीचे कमळ. लिनीअसच्या नावात बिया आणि खोड आले. तमिळ नावाने मात्र थेट ती मोठी पाकळी पकडली, आणि फुलावर असलेले रोप ओळखायला तीच सर्वांत सोयीची आहे. लोकांनी दिलेले नाव नेहमीच शास्त्रीय ओळख ठरते असे नाही. एकच नाव निरनिराळ्या गावी निरनिराळ्या वनस्पतींना असते. तरी नाव कशावरून पडले हे विचारले, तर पुष्कळदा एखादे चांगले लक्षण हाती लागते.

डोंगरातील व्हायोला

खऱ्या व्हायोलाला थंड, ओलसर जागा लागते. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीसारख्या उंच डोंगरांवर, गवतात आणि शोलावनांच्या कडेला ती आढळते. येथील तीन जातींची गल्लत होते. त्यांतील एका नावाचा बंगळुरूशी लांबचा धागा आहे. फ्रान्सिस बुकॅनन 1800 मध्ये म्हैसूर मुलखाच्या पाहणीसाठी निघाला तेव्हा बंगळुरूला आला होता. पुढे तो नेपाळात गेला. तो नंतर हॅमिल्टन हे आडनाव लावू लागला आणि डेव्हिड डॉनने 1825 मध्ये त्याच्या नावावरून व्हायोला हॅमिल्टोनियाना हे नाव दिले.

या तीन जाती ओळखण्याचा सोपा क्रम असा :

1. जमिनीवर वाढलेल्या खोडाला पाने लागलेली आहेत, रोप जवळजवळ गुळगुळीत आहे, पाने हृदयाकृती आणि शुंडिका आखूड आहे : व्हायोला हॅमिल्टोनियाना. जुन्या ग्रंथांत ती व्हायोला डिस्टान्स या नावाने सापडते.

2. पाने जमिनीलगत झुबक्याने येतात, धावती खोडे नाहीत, पाने अरुंद व भाल्यासारखी, पानाच्या देठाला कडेने पंख आणि उपपर्णे देठाला चिकटलेली : व्हायोला बेटोनिसिफोलिया. जुन्या ग्रंथांत व्हायोला पॅट्रिनी.

3. पाने झुबक्याने येतात पण धावती खोडेही आहेत, पाने हृदयाकृती व केसाळ, उपपर्णांच्या कडांना झालर : व्हायोला पिलोसा. जुन्या ग्रंथांत व्हायोला सर्पेन्स.

फुलाचा रंग या क्रमात मुद्दाम घेतलेला नाही. तो उन्हाने, वयाने आणि वाळवल्याने बदलतो. आणखी एक अडचण आहे. व्हायोलाच्या अनेक जातींना उघड्या फुलांखेरीज न उमलणारी फुलेही येतात. त्यांत पाकळ्या खुरटलेल्या असतात, आतल्या आतच परागण होते आणि बोंड धरते. चार्ल्स डार्विनने 1877 च्या आपल्या पुस्तकात अशा फुलांची सविस्तर चर्चा केली आहे. असे रोप हाती आले तर पाकळीवरून काहीच सांगता येत नाही. तेव्हा उपपर्णे, धावती खोडे आणि निदले हीच लक्षणे कामी येतात.

बंगळुरूतील काम : हसन ते मलबार

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील वनस्पतींची पुन्हा जागेवर जाऊन पाहणी झाली. बंगळुरूच्या सेंट जोसेफ्स कॉलेजातील फादर सेसिल साल्डान्हा यांचे काम त्यात महत्त्वाचे आहे. त्यांनी व अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील डॅन निकोलसन यांनी संपादित केलेला ‘फ्लोरा ऑफ हसन डिस्ट्रिक्ट’ 1976 मध्ये निघाला. त्यानंतर 1984 मध्ये साल्डान्हांच्या ‘फ्लोरा ऑफ कर्नाटका’चा पहिला खंड आला.

हेच निकोलसन पुढे रेडेच्या ग्रंथाकडे वळले. सी. आर. सुरेश आणि के. एस. मणिलाल यांच्यासह त्यांनी 1988 मध्ये ‘होर्तुस मलाबारिकुस’मधील वनस्पतींची आजच्या नावांशी सांगड घालणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मणिलाल यांनी मूळ ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठातर्फे 2003 पासून उपलब्ध करून दिला. तीन शतकांपूर्वीचे चित्र आणि आजचा वाळवलेला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय ‘नेलम-परेंदा म्हणजे रतनपुरुष’ असे वाक्य लिहिता येत नाही. सोप्या वाटणाऱ्या या समीकरणामागे एवढे श्रम आहेत.

पुड्यातील बनफशा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बंगळुरूत 1984 मध्ये राष्ट्रीय युनानी चिकित्सा संस्था स्थापन झाली, आणि 1993 पासून एफआरएलएचटी ही संस्था औषधी वनस्पती व स्थानिक वैद्यपरंपरा यांवर काम करते. शहरात औषधही आहे आणि ते तपासणारी माणसेही आहेत. ग्रंथांत बनफशा म्हणजे व्हायोला ओडोराटा. व्यवहारात हिमालयातील व्हायोला पिलोसा आणि व्हायोला कॅनेसेन्स याही त्याच नावाने विकल्या जातात.

ताज्या रोपात भेद करता येतो. ओडोराटाच्या फुलाला गोड वास असतो, निदलांची टोके बोथट असतात आणि बोंड केसाळ असते. पिलोसाची निदले टोकदार असतात. कॅनेसेन्स अंगभर करड्या लवीने भरलेली असते. वाळल्यावर वास जातो, पाने चुरतात, मुळे वेगळी होतात. उरतात ती एखाददुसरे निदल, बोंडाचा तुकडा आणि भिंगाखाली दिसणारे केस. परीक्षकाला त्यांवरच निर्णय करावा लागतो.

म्हणून आता जनुकीय चाचणीचा आधार घेतला जातो. ती काय करू शकते याचे उदाहरण भुईआवळ्याचे आहे. बंगळुरूचे कृषी विद्यापीठ व अत्री ही संस्था येथील शास्त्रज्ञांच्या गटाने 2010 मध्ये दाखवून दिले की दक्षिण भारतातील बाजारात भुईआवळा म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात फायलँथसच्या अनेक जाती असतात. मात्र चाचणीत मिळालेला जनुकीय क्रम कशाशी ताडून पाहायचा? ज्याचे नाव आधीच खात्रीने ठरले आहे अशा नमुन्याशीच. तो नमुना हर्बेरियममधल्या कागदावर असतो आणि त्याचे नाव कोणीतरी निदल, उपपर्ण, बोंड पाहूनच ठरवलेले असते. ते नाव चुकले असेल तर चाचणी तीच चूक अधिक खात्रीने सांगेल.

समारोप

वैद्यांनी नाव, जागा आणि उपयोग यांवरून ओळखले. लिनीअसच्या नावांत बिया आणि खोड आले, एकोणिसाव्या शतकाने निदलाचे बूड पाहिले, आज जनुके पाहिली जातात. नवी पद्धत आली म्हणून जुनी संपली नाही. प्रत्येक नव्या पद्धतीला मागच्या पद्धतीने ठरवलेल्या नमुन्यावर विसंबावे लागले.

विद्यार्थ्याने यातून घ्यायची सवय साधी आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ नाव लिहू नये. ठिकाण, तारीख, ताज्या फुलाचा रंग व वास, आणि मुख्य म्हणजे कोणते लक्षण पाहून नाव ठरवले, ते लिहावे. रतनपुरुषाचे बहुधा पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सारे रोप औषधाला घेतात. उपटलेले रोप पुन्हा पाहायला मिळत नाही. त्या वेळी जे टिपले नाही, ते नंतर पुड्यातल्या चुऱ्यावरून सांगता येत नाही.