निघण्याआधीची चौकशी : शाळा, थंडी आणि मतपेटी

तुमच्यापैकी बरेच जण पीएच.डी.साठी गाव सोडून पुण्या-मुंबईला किंवा थेट परराज्यात जायच्या तयारीत असाल. अशा वेळी आपण काय करतो? विद्यापीठाची वेबसाइट बघतो, पण तेवढ्यावर विसंबत नाही. आधी तिथे गेलेल्या एखाद्या सीनियरला फोन लावतो. खोलीचं भाडं किती, मेस कशी आहे, गाईड कसे आहेत, फेलोशिप वेळेवर येते का, सगळं विचारतो. मग त्याने सांगितलेलं खरं की नाही, हे आणखी दोघांना विचारून घेतो. हे करताना आपण संशोधन करतोय असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी मात्र गेली तीन वर्षं अशाच चौकशीच्या कागदांमध्ये अडकलोय, म्हणून आज त्याबद्दल लिहितो.

हे कागद अमेरिकेतले आहेत, १९१६ ते १९१८ या काळातले. दक्षिणेतल्या मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना अशा राज्यांमधल्या कृष्णवर्णीय माणसांनी उत्तरेत पाठवलेली ही पत्रं. बरीचशी 'शिकागो डिफेंडर' या साप्ताहिकाला लिहिलेली. एमेट स्कॉट यांनी ती गोळा केली आणि १९१९ मध्ये 'जर्नल ऑफ नीग्रो हिस्टरी'च्या दोन अंकांत छापली. छापताना लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकली; गाव आणि तारीख तेवढी ठेवली. त्याचं कारण वाचताना कळतंच. आपलं नाव पेपरात छापू नका, अशी विनंती पत्र लिहिणारेच करत होते. मालकाला किंवा गावातल्या शेरीफला कळलं तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी मी या पत्रांचं काय केलं असेल? एक तक्ता केला. स्थलांतराची कारणं : मजुरी, शाळा, अत्याचार, पुराने झालेलं नुकसान. प्रत्येक पत्रापुढे टिकमार्क. मला वाटलं, झालं प्रकरण तयार. गाईडनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "या माणसांनी काय सांगितलं ते लिहिलंस. त्यांनी काय *विचारलं* ते कुठाय?" मी पत्रं परत काढली आणि तेव्हा लक्षात आलं की यांतली कितीतरी पत्रं म्हणजे प्रश्नपत्रिकाच आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, तरी १९१० साली देशातले दहापैकी जवळजवळ नऊ कृष्णवर्णीय दक्षिणेतच राहत होते. बहुतेकांची शेती बटाईची. हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायची आणि वर्षअखेर हिशेबात कर्ज उरलेलंच. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानावर कर आणि वाचनाची परीक्षा लादली. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. झुंडीने माणूस मारून झाडाला टांगणं हे अधूनमधून घडतच होतं. त्यात कपाशीवर 'बोल वीव्हिल' नावाचा सोंडकिडा पडला (आपली बोंडअळी वेगळी, गोंधळ करू नका). तिकडे १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झालं. त्या वर्षी अमेरिकेत बारा लाखांवर युरोपीय आणि इतर स्थलांतरित आले होते. १९१८ साली हा आकडा सव्वा लाखाच्याही खाली आला. उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं हवी होती. दार उघडलं, पण दारापलीकडे काय आहे हे कोण सांगणार?

इथे तुम्ही एक क्षण त्या माणसाच्या जागी उभे राहा. माहिती देणारे चौघे आहेत. पहिला मजूर भरती करणारा एजंट. त्याला दरडोई पैसे मिळतात, म्हणून तो सगळं छानच सांगणार. दुसरे दक्षिणेतले गोरे मळेवाले आणि त्यांचे पेपर. मजूर गेले तर कापूस कोण वेचणार, म्हणून ते सगळं वाईटच सांगणार. जॉर्जियातल्या मेकन शहराने तर एजंटच्या परवान्याची फी पंचवीस हजार डॉलर करून टाकली होती. तिसरा 'डिफेंडर'. त्याचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट मूळचे जॉर्जियाचेच, १९०५ मध्ये त्यांनी हा पेपर काढला. पुलमन रेल्वेडब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवायचे आणि न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. तळमळ खरी, पण 'इकडे या' ही त्याची मोहीमच होती. चौथा आधी गेलेला नातेवाईक. तो सगळ्यांत जवळचा, पण गाव सोडून गेलेला माणूस आपले हाल घरी कळवत नाही, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

म्हणजे चारही साधनांत हितसंबंध गुंतलेले. आपण वर्गात ज्याला साधनचिकित्सा म्हणतो ती या माणसांना रोजच्या जगण्यात करावी लागत होती. त्यांनी ती केलीही. नातेवाइकाचं पत्र चार घरांत वाचायचं, त्यातली मजुरी पेपरातल्या मजुरीशी ताडून पाहायची, कधी गटातल्या एकाला आधी पाठवायचं आणि त्याचा निरोप आल्यावर बाकीच्यांनी सामान विकायचं. इतिहासकार जेम्स ग्रॉसमन यांनी १९८९ मधल्या 'लँड ऑफ होप' या पुस्तकात हेच जाळं उलगडून दाखवलंय.

ही रीतही नवी नव्हती. लुइझियानातले हेन्री अ‍ॅडम्स गुलामगिरीत जन्मलेले, नंतर सैन्यात राहिलेले. १८७० च्या दशकात त्यांच्या लोकांनी एक समिती केली. अ‍ॅडम्सनी १८८० मध्ये सिनेटच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली, त्यानुसार समितीत सुमारे पाचशे जण होते आणि त्यातले दीडशेच्या आसपास दक्षिणेत ठिकठिकाणी जाऊन, तिथे मजुरी करत, स्वतःच्या खर्चाने परिस्थिती पाहून आले. क्षेत्रकार्य दुसरं काय असतं? पुढे १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीयांना तुरुंगातून ओढून मारलं गेलं, तेव्हा तिथल्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी लोकांना गाव सोडायला सांगितलं. ओक्लाहोमात हाल आहेत असं गोरे पेपर छापू लागले. वेल्स स्वतः तिकडे गेल्या, तीन आठवडे फिरल्या आणि जे दिसलं ते आपल्या पेपरात लिहिलं.

आता प्रश्नांकडे येऊ. मला त्यांत तीन धागे सापडले.

पहिला शाळांचा. दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातले थोडेच महिने चालायची, कारण बाकी वेळ मुलं कापसात. अटलांटासारख्या मोठ्या शहरातसुद्धा त्यांच्यासाठी पहिलं सरकारी हायस्कूल १९२४ मध्ये उघडलं. त्यामुळे नोकरीची चौकशी करणारा बाप त्याच पत्रात मुलांच्या शिक्षणाचं विचारतो, तेव्हा तो फी किंवा माध्यम विचारत नसतो. शाळा *आहे का*, हाच त्याचा प्रश्न असतो. इलिनॉयच्या कायद्याने १८७४ पासून रंगावरून मुलांना शाळेत नाकारायला बंदी होती. उत्तर खरं होतं, पण अपुरं. शिकागोत आल्यावर अनेक मुलांना वयापेक्षा कितीतरी खालच्या वर्गात बसवलं गेलं, आणि कायद्यात नसलेलं वेगळेपण वस्त्यांच्या हद्दींमधून हळूहळू आलंच.

दुसरा तब्येतीचा. हा भाग मला सर्वांत जास्त आवडतो. दक्षिणेतले गोरे पेपर छापायचे की उत्तरेच्या थंडीत कृष्णवर्णीय माणूस टिकत नाही, न्यूमोनियाने मरतो. ही नुसती अफवा नव्हती, तिच्यामागे 'शास्त्र' उभं होतं. फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मृत्यूचे आकडे मांडून हा वंशच दुबळा आहे, असा निष्कर्ष काढला होता. केली मिलर यांनी पुढच्याच वर्षी त्याची चिरफाड केली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०६ मधल्या अभ्यासात दाखवलं की फरक रक्ताचा नाही, राहणीमानाचा आहे. 'डिफेंडर'चं उत्तर अर्थातच जास्त झोंबणारं होतं : झुंडीच्या हातून मरण्यापेक्षा गारठून मेलेलं बरं. पण त्याच पेपरात डॉ. ए. विल्बरफोर्स विल्यम्स यांचं आरोग्याचं सदरही यायचं, आणि शिकागोत १८९१ पासून कृष्णवर्णीय डॉक्टर-नर्सना काम देणारं प्रॉव्हिडंट हॉस्पिटल होतं. अ‍ॅबट यांनी सामूहिक प्रस्थानाचा दिवस ठरवला तोही १५ मे १९१७, थंडी सरल्यावरचा.

मग खरं काय निघालं? शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत क्षयाचे आणि न्यूमोनियाचे मृत्यू खरोखरच जास्त होते. म्हणजे आकडा खरा, सांगितलेलं कारण खोटं. माणसं मरत होती ती कोंदट, दाटीच्या खोल्यांमुळे. आकडेवारी हातात आली की हे उदाहरण आठवा. आकडा तपासणं सोपं असतं. त्याच्या शेजारी कुणी गुपचूप ठेवलेलं 'कारण' तपासणं अवघड.

तिसरा धागा राजकारणाचा. मत देता येतं का? शिकागोत येत होतं. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट हे तिथले पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले. १९२८ मध्ये ते थेट काँग्रेसवर निवडून गेले. १९०१ नंतर तिथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता, यावरून त्याचं मोल कळेल. पण 'राज्य चांगलं आहे' या उत्तरात एक फट होती. जुलै १९१७ मध्ये, पत्रं येतच होती तेव्हा, त्याच इलिनॉयमधल्या ईस्ट सेंट लुइस गावात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय वस्ती जाळली, डझनावारी माणसं मारली. कायदा राज्याचा असतो, राहायचं गल्लीत असतं.

आणि जो प्रश्न नीट विचारला गेला नाही, तो तिथेच होता : घर कुठल्या गल्लीत मिळेल? दक्षिणेतल्या माणसाला घराची चिंता वेगळी होती. मालकाच्या जमिनीवरचं खोपट होतंच. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९१० मधल्या ४४,१०३ वरून १९२० मध्ये १,०९,४५८ झाली, पण वस्तीची हद्द तेवढी वाढू दिली गेली नाही. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात हद्द ओलांडून राहायला गेलेल्यांच्या आणि त्यांना घरं देणाऱ्यांच्या ठिकाणांवर ५८ बॉम्ब टाकले गेले. जुलै १९१९ अखेरच्या दंगलीत ३८ माणसं मेली : २३ कृष्णवर्णीय, १५ गोरे. त्यानंतर दक्षिणेतले मालक 'परत या' म्हणू लागले. फारसं कुणी गेलं नाही. दंगलीनंतर नेमलेल्या आयोगाने स्थलांतरितांच्या मुलाखती घेतल्या. मुलांची शाळा, मत, रस्त्यावर मान वर करून चालता येणं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या होत्या.

म्हणून माझा तक्ता मी फाडला. आता माझ्या प्रकरणात तीन रकाने आहेत : काय विचारलं, कुणाला विचारलं, आणि काय विचारायचं सुचलंच नाही. तिसरा रकाना भरणं सर्वांत कठीण, कारण त्याला कागदात पुरावा नसतो. पुढे काय घडलं त्यावरून मागे यावं लागतं. शिवाय एक मर्यादा मान्य करावी लागते. ही पत्रं लिहिता येणाऱ्यांची किंवा लिहून घेता येणाऱ्यांची आहेत, 'डिफेंडर' ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांची आहेत, आणि त्यातलीही स्कॉटनी निवडलेली. जे काही न विचारता रात्रीच्या गाडीने निघून गेले, ते माझ्या हाती लागणार नाहीत.

'हा विषय तुला का रे?' असं मला नेहमी विचारतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. म्हणजे हा धागा मराठीत मी नव्याने आणलेला नाही. पण तुम्हाला इतक्या लांब जायची गरज नाही. रत्नागिरीहून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसांनी निघण्याआधी काय विचारलं असेल? गावकीच्या खोलीत जागा आहे का, खानावळीचे किती, कुठल्या खात्यात ओळख आहे? घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादं पोस्टकार्ड असेल, किंवा आजोबांच्या आठवणीत असेल.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एवढं करून बघा. तुमच्या विषयातल्या एका कागदावरची सगळी विधानं झाका आणि फक्त प्रश्न वेगळे लिहून काढा. मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, हे विचारायची वेळ त्या माणसावर का आली असेल. माझं खरं काम तिथून सुरू झालं. तुमच्या कागदातून काय निघालं ते जरूर कळवा.